टाच टेकू दे

ताई,
मी २७ वर्षांची आहे. नवव्या वर्षापासून बॅले शिकले. परीक्षा दिल्या, पॉइंटवर, म्हणजे कडक बुटांत बोटांच्या टोकांवर, नाचायला लागले, कॉलेजच्या काळात दर शनिवार-रविवार पहाटेच्या गाडीने मुंबईला जाऊन धडे घेतले. दोन वर्षांपूर्वी उजव्या पावलाच्या हाडाला बारीक चीर गेली. पाऊल बरं झालं, पण पॉइंट शूज तेव्हापासून कपाटातच आहेत. आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी औंधला लहान मुलींना बॅले शिकवते, त्यावर माझं भागतं.

गेल्या वर्षी मी कंटेम्पररी नृत्याची एक सहा मिनिटांची रचना केली. आम्ही तिघी: मी, माझ्याबरोबर बॅले शिकलेली एक मैत्रीण आणि कथक करणारी एक मैत्रीण. कोथरूडला एका हॉलमध्ये ओळखीच्यांसमोर ती सादर केली. नंतर एक जाणकार बाई म्हणाल्या, "हे बॅलेच आहे, फक्त बूट काढलेलं." त्या रात्री झोप लागली नाही. बॅले विसरावं लागेल का? अठरा वर्षं अंगात मुरलेलं कसं विसरायचं? आणि गंमत म्हणजे कथकवाल्या मैत्रिणीला अजूनही सारखं सांगावं लागतं, गिरकीत टाच उचल म्हणून.

मला नृत्यरचनाकार व्हायचंय. उशीर झालाय का? कर्ज काढून वर्षभर लंडनला शिकायला जाऊ का? बाबा विचारतात, यातून पुढे काय? व्हिडिओ सोबत पाठवते आहे.
— अनवाणी, कोथरूड

प्रिय अनवाणी,

तुझा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. दोनदा आवाजासकट, एकदा आवाज पूर्ण बंद करून, आणि चौथ्यांदा पडद्याचा वरचा भाग कागदाने झाकून, म्हणजे तिघींची फक्त पावलं दिसतील असा. त्या चौथ्या वेळी जे दिसलं ते तुला सांगायचं आहे. पण आधी त्या जाणकार बाईंचं बघू.

त्यांचं निम्मं बरोबर आहे. सहा मिनिटांत तुम्ही तिघी एकदाही प्रेक्षकांकडे पाठ करत नाही. दर आठ आकड्यांना एक वाक्य पुरं होतं आणि पुरं होताना हटकून एक देखणी पोझ येते. पाय अनवाणी आहेत, पण वजन अजून बूट घालूनच उभं आहे. छाती वर, मान लांब, टाचा जमिनीला जेमतेम शिवलेल्या. तेव्हा 'बूट काढलेलं बॅले' हे वर्णन म्हणून मला मान्य आहे. पण त्यावरून तू थेट 'बॅले विसरावं लागेल' इथवर पोचलीस, तिथे मी तुला थांबवते.

दुसरं मिनिट संपता संपता तिघी एकदम गिरकी घेता. तू आणि तुझी बॅलेतली मैत्रीण चवड्यावर चढता, शिकवलंय तशा. कथकवाली मात्र डाव्या टाचेवर फिरायला सुरुवात करते, कारण चक्कर तिच्या अंगात टाचेवरच बसलेली आहे. अर्ध्यात तिला तुझी सूचना आठवते, ती घाईघाईने टाच उचलते, तोल सावरते आणि तुमच्या मागून एक क्षण उशिरा थांबते. सहा मिनिटांत एवढाच एक क्षण असा होता, जेव्हा पुढे काय होणार ते मला ठाऊक नव्हतं. मी खुर्चीत पुढे सरकले. आणि तू पत्रात लिहितेस, तिला सारखं सांगावं लागतं!

तुझी रचना तिथे आहे गं. एकाच जमिनीवर तीन मुली उभ्या आहेत. दोघींना ती जमीन सोडायला शिकवलंय आणि एकीला त्याच जमिनीतून आवाज काढायला शिकवलंय. तत्कार, म्हणजे कथकमधलं पायाचं काम करताना तिची पावलं वजन खाली देतात. बारचा आडवा दांडा धरून तांद्यू करताना तुझं पाऊल जमिनीवरून घासत लांब जातं आणि अलगद परत येतं. वजनाबद्दलची ही दोन वेगळी मतं एका हॉलमध्ये समोरासमोर आली आणि तू त्यातलं एक पुसून टाकायला निघालीस, कारण गेली अठरा वर्षं एकसारखं दिसणं म्हणजेच चांगलं दिसणं असं तुला शिकवलं गेलं. चूक तुझी नाही. बॅलेच्या वर्गात आणि रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकीला हेच वाटतं. मलाही बरीच वर्षं वाटायचं.

बॅले वर का जातं, याचा विचार तू कधी केलास का? आपण ते इतक्या लहानपणी शिकतो की शरीराचा धर्मच तो आहे असं वाटू लागतं. पण हे सगळं कुणीतरी, कधीतरी ठरवलेलं आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६१ साली नृत्याची अकादमी काढली, तेव्हा नाचणारे दरबारी होते आणि समोर राजा बसलेला असायचा. राजाकडे पाठ करायची नाही. पाय बाहेर वळवले की अंग समोरून उघडं दिसतं, बाजूला सरकणंही सोपं जातं. पॉइंटचं वेड त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी आलं. १८३२ साली पॅरिसमध्ये मारी ताल्योनी वायुकन्येच्या भूमिकेत बोटांच्या टोकांवर उभी राहिली आणि बाई म्हणजे हवेत तरंगणारं काहीतरी, ही कल्पना युरोपच्या रंगमंचावर पक्की झाली. तुझ्या पावलाच्या हाडाला गेलेली चीर थेट तिथवर पोचते. हे तुला घाबरवायला सांगत नाही. जी गोष्ट माणसांनी एका काळात ठरवली, तिला दुसऱ्या काळात प्रश्न विचारता येतात, एवढं तुझ्या लक्षात यावं म्हणून सांगते.

आणि प्रश्न विचारणारे किती झाले! इसाडोरा डंकनने बूट फेकले आणि अनवाणी नाचली. बॅलेची शिस्त शरीराच्या विरोधात आहे असं तिचं ठाम मत होतं. तिचं आत्मचरित्र मराठीत कुणी आणलं, माहीत आहे? आपल्या रोहिणीताई भाट्यांनी. १९४७ साली पुण्यात नृत्यभारती सुरू करणारी, आयुष्यभर कथकच्या बंदिशीत आणि शास्त्रात बुडालेली ही बाई, परंपरेशी भांडणाऱ्या एका अमेरिकन नर्तकीचं आयुष्य मराठीत उतरवायला बसते. त्यासाठी त्यांना कथक सोडावं लागलं नाही. उलट कथक घेऊन त्या ऋग्वेदातल्या सूक्तांपर्यंत गेल्या, कालिदासापर्यंत गेल्या. दुसऱ्याचं बंड समजून घ्यायला आपलं घर मोडावं लागत नाही, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. तुझ्या कथकवाल्या मैत्रिणीच्या घराण्यात हे सगळं आहे. तिच्याशी एकदा चहाला बसून नाचाबद्दल बोल. तालमीबाहेर.

आता तुझा मुख्य प्रश्न. बॅले विसरायचं की नाही.

विल्यम फोर्साइथ हे नाव तुझ्या कानावरून गेलं असेल. न्यूयॉर्कचा मुलगा, बॅले नर्तक म्हणून जर्मनीत श्टुटगार्टला गेला, पुढे १९८४ पासून वीस वर्षं फ्रँकफुर्टची बॅले कंपनी चालवली. त्याने बॅलेतलं काही टाकलं नाही. त्याने विचारलं, की बॅलेत अंगाचा मध्य कायम धडाच्या मधोमध का? तो कोपरात नेला तर? गुडघ्यात, कानात नेला तर? तांद्यूमध्ये पाऊल जमिनीवर जी सरळ रेघ ओढतं, ती रेघ खांद्याने ओढली तर? हे त्याने नुसतं बोलून दाखवलं नाही, नर्तकांना सराव करता येईल अशा पायऱ्या करून मांडलं. १९८७ साली पॅरिस ऑपेराच्या बॅलेसाठी त्याने जी रचना केली, त्यात पॉइंट शूज आहेत, एक पाय मागे लांबवायची अरबेस्क आहे, सगळं आहे, आणि तरी ते जुनं बॅले नाही. पाय तोल सुटेपर्यंत लांब जातो, कंबर अक्षाबाहेर ढकललेली असते.

हे घरी करून बघ. रोज सकाळी नेहमीचा बारवरचा सराव कर, तो सोडू नकोस. तो झाला की बारपासून चार पावलं लांब ये आणि आत्ताच गुडघे वाकवून केलेला प्लिए फक्त पाठीच्या कण्याने कर. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'वाकलेला' एवढाच आहे, गुडघ्यांचा त्यात उल्लेख नाही. तांद्यू म्हणजे 'ताणलेला'. तो हनुवटीने कर. मग नजरेने कर. दहा दिवसांनी तुझ्याकडे अशा हालचाली जमतील ज्या बॅलेतूनच निघाल्या आहेत, पण बॅलेच्या वर्गात कुणी त्यांना नाव देणार नाही. आणि एकदा पाय समांतर ठेवून अख्खा बार कर. मांडीचे जे स्नायू अठरा वर्षं झोपले होते ते दुसऱ्या दिवशी बोलायला लागतील.

टाचेचंही कर. अर्धा तास, कुठलीही हालचाल कर, पण टाच जमिनीवरून उचलायची नाही. तू अस्वस्थ होशील. ती अस्वस्थता लिहून ठेव, कारण तीच तुझ्या पुढच्या रचनेचा विषय होऊ शकते.

एक काळजीची गोष्ट मध्येच सांगते, नाहीतर राहून जाईल. जमिनीवर लोळायचं, पडायचं, उठायचं काम तू आता सुरू करशील. आपल्याकडे निम्म्या हॉलमध्ये शहाबादी फरशी नाहीतर टाइल्स आहेत आणि खाली थेट काँक्रीट. अशा जमिनीवर उड्या मारू नकोस, पडायचा सराव तर अजिबात नको. तुझ्या हाडाने एकदा इशारा दिलेला आहे. लाकडी जमिनीचा हॉल मिळेपर्यंत व्हॉलीबॉलवाले घालतात तसले गुडघ्याचे पॅड घाल आणि खाली जाण्याचे प्रकार अगदी सावकाश कर. सावकाश केलं की ते अवघडही होतं आणि दिसायलाही फार वेगळं दिसतं.

आता एक कठीण गोष्ट. तुझ्या रचनेत तू मधोमध आहेस. पुढच्या रचनेतून तू बाहेर ये.

मी मुंबईत बॅले शिकले, लग्नानंतर पुण्याला आले आणि तुझ्याच वयात पहिली रचना केली. पाच जणी होत्या आणि मी मध्ये, कारण जे मनात होतं ते माझ्याइतकं नीट कुणी करणार नाही अशी माझी खात्री होती. प्रयोग झाल्यावर प्रकाशयोजना करणारे एक वयस्कर गृहस्थ केबल गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "बाई, तुम्ही आत होता तेव्हा बाहेरून कोण बघत होतं?" मला फार राग आला होता. त्यानंतर दोन वर्षं मी काही केलं नाही. मग जेव्हा केलं, तेव्हा खुर्ची टाकून बाहेर बसले, आणि पहिल्या तालमीत माझ्या तोंडून शब्दच फुटेना. माझी भाषा अंगात होती. 'असं कर' म्हणून करून दाखवायचं, एवढंच मला येत होतं. खुर्चीत बसून दुसऱ्याच्या अंगात काय चाललंय ते बघायला आणि ते शब्दांत सांगायला मला शून्यापासून शिकावं लागलं. चांगली नर्तकी असणं त्या कामी फारसं आलं नाही. तू बॅले कंपनीत पहिल्या रांगेत असतीस तरी हे चुकलं नसतं.

पीना बाउशचं उदाहरण मी याच साठी नेहमी देते. जर्मनीत एसेनच्या शाळेत शिकलेली, न्यूयॉर्कला जाऊन आलेली, उत्तम नर्तकी. १९७३ साली वुपरटालच्या कंपनीची सूत्रं हाती आली तेव्हा तेहतीस वर्षांची होती. काही वर्षांनी तिने पावलं करून दाखवणं जवळजवळ थांबवलं आणि नर्तकांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुणी हालचाल करून उत्तर द्यायचं, कुणी बोलून, कुणी गाऊन. त्या उत्तरांच्या ढिगातून ती निवडत जायची. बहुतेक उत्तरं टाकून दिली जायची. रचनाकाराचं खरं काम तिथे आहे, काय ठेवायचं, काय काढायचं आणि कशाशेजारी काय ठेवायचं यात.

तू तुझ्या दोघी मैत्रिणींना एक प्रश्न विचार: 'तुम्हाला नाच शिकवताना शरीराचा कुठला भाग सगळ्यात जास्त वेळा सुधारला गेला?' उत्तर करून दाखवायला सांग, बोलून नको. आणि मग तू खुर्चीत बस. एक अट आहे. त्यांनी दिलेल्या हालचालींवर रचना उभी राहिली तर कार्यक्रमपत्रिकेत तसं लिहायचं. आणि पैसे मिळाले तर वाटून घ्यायचे, पहिल्या शंभर रुपयांपासून.

सगळ्या जणी समोर तोंड करून उभ्या, याबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण त्याचं उत्तर आपल्या गावातच आहे. १९७२ साली, पुढे ज्यांनी थिएटर अकादमी काढली त्या मंडळींनी, पुण्यात 'घाशीराम कोतवाल' पहिल्यांदा केलं. त्याच्या हालचाली कृष्णदेव मुळगुंदांनी बसवल्या होत्या. त्यात बारा ब्राह्मणांची एक रांग आहे. ती गाते, डोलते, आणि मनात आलं की प्रेक्षकांकडे पाठ करून भिंत होते. भिंतीमागे काहीतरी चाललेलं असतं. भिंत उघडते तेव्हा ते होऊन गेलेलं असतं. पडदा नाही, सेट नाही, नुसती माणसांची रांग आणि पाठ. एका पाठीने एवढं काय काय करता येतं! तू मुद्दाम जाऊन आईबाबांच्या वयाच्या कुणाला विचार, त्यांना ती रांग आठवत असेल. नृत्यरचनेवर परदेशात पुष्कळ पुस्तकं आहेत, ती जरूर वाच, पण नाटक बघणाऱ्या शहरात राहतेस तर नाटकाकडून शिक. तुझ्या सहा मिनिटांतलं एक मिनिट घे आणि तिघींना पाठ करायला लाव. चेहरे गेले की काय उरतं ते बघ. कथकवालीचे खांदे बघ. तिच्या पाठीला समेची चाहूल तुझ्याआधी लागते.

संगीताबद्दल थोडक्यात. तू पियानोचा तो तुकडा घेतलास आणि त्याच्या आठ-आठ आकड्यांत हालचाली भरल्यास. काही दिवस संगीत बंद कर. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज हे दोघं नाच आणि संगीत वेगवेगळं तयार करून प्रयोगातच एकत्र आणायचे. तू तसं करावंस असं नाही, पण नाच संगीताशिवाय उभा राहतो का एवढं तरी तपासून बघायला हवं. नंतर मैत्रिणीला टाळीवर रूपक धरायला सांग आणि तिघी नुसत्या चाला. सात मात्रा. आठावर थांबायची सवय असलेल्या पायांची कशी तारांबळ उडते ते दिसेल, आणि ज्या मात्रेवर तू अडखळतेस तिथे ती सहज असते. पुन्हा तीच गोष्ट: एकीचं घर ते दुसरीचं परकं गाव.

उशीर झाला का, याला एका ओळीत उत्तर पुरे. भरतनाट्यमवाल्या चंद्रलेखांनी 'अंगिका' ही रचना केली १९८५ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, मधली कितीतरी वर्षं नाचापासून लांब राहून.

लंडनचं मात्र एका ओळीत होणार नाही. तिथल्या शाळा उत्तम आहेत आणि तुझं जाणं मला आवडेल. पण आत्ता कर्ज काढून गेलीस तर काय घेऊन जाशील? एक सहा मिनिटांची रचना आणि एका बाईंचं वाक्य. तिथे वर्षभर तू शिष्य असशील. शिष्य असणं तुला अठरा वर्षं छान जमलंय आणि पुन्हा छान जमेल, हीच माझी भीती आहे. आधी इथे तीन रचना कर. तिन्ही वाईट झाल्या तरी चालतील. त्यानंतर तुझ्याकडे प्रश्न असतील आणि ते प्रश्न घेऊन शाळेत गेलीस तर वर्ष सार्थकी लागेल. कर्ज तेव्हाही मिळतं, शिष्यवृत्तीसाठी दाखवायला तेव्हा काहीतरी असतं. देशातही बघ. बंगळुरूला अटक्कलरी ही संस्था १९९२ पासून याच कामात आहे, आणि तिकडच्याच इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे कलाकारांना अनुदानासाठी अर्ज करता येतो.

ज्या लोकांची नावं मी घेतली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पहिली रचना नाचत असतानाच केली. श्टुटगार्टमध्ये नोव्हेर सोसायटी नावाची एक मंडळी नव्या रचनांच्या संध्याकाळी भरवायची. कंपनीतल्या कुणालाही वाटलं तर तिथे आपलं काम दाखवता यायचं. फोर्साइथ तिथून पुढे आला, यिर्जी किलियान तिथून, जॉन नॉयमायर तिथून. कॅनडाची क्रिस्टल पाइट बॅले कंपनीत नाचता नाचताच रचना करायला लागली, मग फ्रँकफुर्टला फोर्साइथकडे नाचली, आणि २००२ साली व्हँकुव्हरला परत येऊन स्वतःची कंपनी काढली. २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅलेने तिला मुख्य रंगमंचासाठी बोलावलं. त्याआधी अठरा वर्षं तिथल्या मुख्य रंगमंचासाठी एकाही बाईने रचना केली नव्हती.

आपल्याकडे तशी बॅले कंपनी नाही. पण तशी संध्याकाळ तू भरवू शकतेस, आणि हे मी अगदी मनापासून सांगते. शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच आहे. लहानसा, प्रेक्षक इतके जवळ की टाच टेकल्याचा आवाज शेवटच्या रांगेत जातो. तुझ्यासारख्या आणखी दोघांना शोध. एक भरतनाट्यमवाली असू दे, एखादा हिपहॉप करणारा मुलगा असू दे. तिघांच्या तीन रचना, प्रत्येकी आठ-दहा मिनिटं, शेवटी प्रेक्षकांशी गप्पा. भाडं तिघांत वाटलं जातं आणि फजितीही.

बाबांचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. औंधचे चार दिवस सोडू नकोस. नृत्यरचनेवर पोट भरणारी माणसं आपल्याकडे मोजकी, आणि तीही बहुतेक शिकवतात. पण कामाची एक जागा तुझ्या डोळ्यासमोर असून तुला दिसलेली नाही. पुण्यातली कॉलेजं दर वर्षी पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका बसवतात, फिरोदिया करंडकाला तर अनेक कला एकत्र गुंफायच्या असतात. या मुलांना हालचाली बसवणारं माणूस हवं असतं. एखाद्या संघाकडे स्वतःहून जा. पैसे नगण्य मिळतील, कदाचित मिळणारही नाहीत. पण ज्यांनी कधी प्लिए केला नाही अशी वीस शरीरं दीड-दोन महिने तुझ्या हाती असतील, आणि त्यांना टाच वर कर, मान लांब कर म्हणून काही उपयोग होणार नाही. त्यांना जे जमतं त्यातूनच तुला काहीतरी उभं करावं लागेल. त्यातलीच दोन-चार मुलं पुढे नाटकं करतात, मालिका करतात, सिनेमात जातात आणि हालचालींसाठी माणूस लागलं की ओळखीच्याला फोन करतात. पैसे देणारी कामं मला अशीच मिळत गेली. बाबांना हे सांग, आणि दोन वर्षं मागून घे. मुदत ठरलेली असली की वडिलांना झोप लागते, माझ्या वडिलांनाही लागली होती.

केलेलं प्रत्येक काम नोंदवून ठेव, व्हिडिओत आणि वहीतही. कोण कुठे उभं होतं, कुठून निघालं, किती मात्रांनी. आपल्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचनेला संरक्षण आहे, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे पक्की केलेली असावी लागते. आणि तो पियानोचा तुकडा तिकीट लावलेल्या प्रयोगात वापरायचा असेल तर परवानगी घ्यावी लागेल. त्यापेक्षा तबला शिकणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला तालमीला बसव.

आता या आठवड्याचं काम. कथकवाल्या मैत्रिणीला फोन कर आणि टाच उचल म्हणणं थांबवलंय असं सांग. कारणही सांग. मग ती गिरकी पुन्हा बसव. तिला टाचेवर फिरू दे, तुझ्या बॅलेतल्या मैत्रिणीला चवड्यावर, आणि मग हळूहळू अदलाबदल कर. आधी बॅलेवालीची टाच खाली येऊ दे. तिला ते किती जड जातं ते बघ, कुठल्या मात्रेवर ती हार मानते ते बघ, आणि कथकवाली त्या वेळी काय करते तेही. दोघींपैकी कुणालाही सावरायला धावू नकोस. तू खुर्चीतच बस.

दोन महिन्यांनी मला पुन्हा व्हिडिओ पाठव. फोन यावेळी स्टँडवर लावू नकोस, जमिनीवर ठेव.

तुझी,
ताई